आठ शेजारी, एक सभागृह: प्रादेशिक संसद म्हणजे नेमकं काय?

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी भेटणारे एक काका आहेत. रेल्वेत मोटरमन होते, आता निवृत्त. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात आणि जे समजलं नाही ते दुसऱ्या दिवशी विचारतात. सार्क, म्हणजे दक्षिण आशियातल्या आठ देशांची संघटना, पुन्हा सुरू करा, असं बांगलादेशच्या हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस २०२४ पासून सारखं म्हणत होते. सार्कला बाजूला सारून वेगळाच गट उभा करायच्या हालचालींच्या बातम्याही २०२५ मध्ये आल्या. असा विषय निघाला की एक जुनी कल्पना डोकं वर काढते, ती म्हणजे दक्षिण आशियातल्या सगळ्या देशांची मिळून एक संसद. काकांनी पेपरची घडी घातली आणि विचारलं, "म्हणजे दिल्लीच्या वर आणखी एक दिल्ली?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी त्यांना तिथे पाच मिनिटांत काहीतरी सांगितलं, पण ते पुरेसं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी आमच्या संकुलातला पंप

घोडबंदर रोडला आमचं संकुल आहे. सात इमारती, सात नोंदणीकृत सोसायट्या. प्रत्येकीचा चेअरमन वेगळा, सेक्रेटरी वेगळा, बँकेतलं खातं वेगळं. पण जमिनीखालची पाण्याची टाकी, पंपहाऊस, मोठं गेट आणि सांडपाण्याचा प्लँट हे सगळ्यांचं मिळून एकच. एका एप्रिलमध्ये पहाटे पंप जळला. सातही सेक्रेटरींचं म्हणणं एकच होतं, की खर्च आमच्या एकट्याचा नाही. दोन दिवस प्रत्येक इमारतीने आपापले टँकर मागवले. गेटमध्ये दोन टँकर समोरासमोर अडकले आणि मागे शाळेच्या बसेस. चौथ्या मजल्यावरच्या आजी रिकामी कळशी घेऊन जिन्यात बसलेल्या मी पाहिल्या, त्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

त्या रात्री स्टिल्ट पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सातही कमिट्या बसल्या. वही माझ्या हातात होती. त्या पानावर मी लिहिलेलं पहिलं वाक्य असं: "फेडरेशनला फक्त पुढील चार बाबींचा अधिकार राहील." टाकी, पंप, गेट, प्लँट. कोणाच्या जिन्यात कुठला रंग लावायचा, भाडेकरू कोण ठेवायचा, यात फेडरेशनने पडायचं नाही.

प्रादेशिक संसद समजून घ्यायची तर हे पान नीट बघावं. शेजारचे देश एकत्र येऊन करार करतात. त्या करारात कुठले विषय सामायिक ते लिहिलेलं असतं. त्या विषयांवर बोलायला किंवा निर्णय घ्यायला प्रत्येक देशातून सदस्य येतात आणि त्यांचं एक सभागृह बनतं. त्याला प्रादेशिक संसद म्हणायचं. सार्वभौमत्व हा शब्द या चर्चेत सतत येतो. त्याचा अर्थ, आपल्या घरात शेवटचा शब्द आपला. प्रादेशिक संसदेबद्दलचे सगळे वाद याच शब्दाभोवती फिरतात, कारण अशा संसदेकडे स्वतःची अशी सत्ता काहीच नसते. सदस्य देशांनी लिहून दिली तेवढीच तिची.

बोलायचं सभागृह आणि ठरवायचं सभागृह

जगात अशी बरीच सभागृहं आहेत, पण सगळी एका तोलामोलाची नाहीत. मध्य अमेरिकेतल्या देशांची संसद १९९१ पासून ग्वाटेमाला सिटीत भरते. तिच्यात लोकांनी थेट निवडलेले सदस्य बसतात, पण ती शिफारशीच करते. कोस्टारिका तर तिच्यात कधी आलाच नाही. आफ्रिका खंडाची संसद २००४ मध्ये सुरू झाली आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मिडरँडला भरते. तीही सल्लागारच.

सल्लागार म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलँड यांनी १९५२ मध्ये नॉर्डिक परिषद स्थापन केली, फिनलंड १९५५ मध्ये आलं. या परिषदेला एकही कायदा करता येत नाही. तरी आइसलँड सोडून बाकीच्या चार देशांनी १९५४ मध्ये एकमेकांच्या नागरिकांना नोकरीसाठी दारं उघडली आणि त्याच दशकात आपसांतल्या सीमांवरची पासपोर्ट तपासणी काढून टाकली. दरवर्षी समोरासमोर बसणाऱ्या खासदारांना एकमेकांची नावं, अडचणी, स्वभाव कळतात, आणि पुष्कळ कामं त्यातूनच हलतात.

ठरवायचं सभागृह म्हणाल तर ठळक उदाहरण एकच, युरोपीय संसद. पण तिचाही जन्म सल्लागार म्हणूनच झाला. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एकत्र सांभाळायचा करार केला. त्यावर नजर ठेवायला १९५२ मध्ये स्ट्रासबर्गला ७८ सदस्यांची सभा बसली, आपापल्या संसदांनी धाडलेल्या माणसांची. लोकांनी थेट मतदान केलं ते १९७९ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. खरी ताकद त्यानंतर येत गेली, १९९२ चा मास्ट्रिक्ट करार आणि २००९ पासून लागू झालेला लिस्बन करार यांतून. आजही विधेयक मांडायचा हक्क तिच्याकडे नाही. तो युरोपीय आयोगाकडे, म्हणजे तिथल्या कार्यकारी मंडळाकडे असतो. संसद विधेयकात बदल करते, ते फेटाळते, अर्थसंकल्प अडवते.

सामान्य माणसाच्या हातात यातून काय पडलं? जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिमकार्ड दुसऱ्या देशात वापरलं तर रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत. डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलला एकाच प्रकारची चार्जिंग पिन असावी लागते. मोबाइल कंपन्या जगभर धंदा करतात, त्यामुळे त्या पिनचा फायदा आपल्या गोखले रोडवरच्या दुकानातही पोचला आहे.

मग दिल्लीच्या वर दिल्ली होणार का?

काकांचा प्रश्न. याचं उत्तर मिलानमधल्या एका वीजबिलात आहे.

१९६२ मध्ये इटलीने वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. फ्लामिनियो कोस्टा नावाच्या वकिलाचे अशा एका कंपनीत शेअर होते. त्याने नव्या सरकारी कंपनीचं बिल भरायचं नाकारलं. बिल किती, तर दोन हजार लिऱ्यांहूनही कमी, अगदी किरकोळ. त्याचं म्हणणं, हे राष्ट्रीयीकरण युरोपीय कराराच्या विरोधात आहे. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. १९६४ च्या निकालात कोस्टाच्या पदरात फारसं काही पडलं नाही, पण न्यायालयाने एक तत्त्व घालून दिलं: ज्या विषयांचे अधिकार देशांनी कराराने सोपवले आहेत, त्या विषयांत सामायिक कायदा आणि देशाचा कायदा यांचा खटका उडाला तर सामायिक कायदा वरचढ.

म्हणजे सोपवलेल्या विषयांपुरती वर एक दिल्ली होते, हे खरं आहे. ते लपवू नये. पण दोन गोष्टी सोबत लक्षात ठेवायच्या. एक, विषय सोपवायचे की नाहीत हे आपणच ठरवतो. आपल्याकडे तर परदेशाशी केलेला करार आपोआप देशाचा कायदा होत नाही, राज्यघटनेच्या २५३ व्या कलमाखाली संसदेला तसा कायदा करावा लागतो. शिवाय सार्वभौमत्व हे घटनेच्या उद्देशिकेतलं पहिलंच विशेषण आहे, त्याला हात लावणारी कुठलीही गोष्ट सर्वोच्च न्यायालयासमोर जाणारच. दुसरं, बाहेर पडायचं दार उघडं असतं. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्याचे खासदार त्या सभागृहातून उठून घरी गेले.

खुर्च्या कशा वाटायच्या?

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे, आणि पेपरात याबद्दल सगळ्यात कमी लिहून येतं.

आमच्या संकुलात एक जुनी इमारत सोळा फ्लॅटची, आणि नवा टॉवर १६८ फ्लॅटचा. टॉवरवाले म्हणाले, फ्लॅटमागे एक मत. सोळावाले म्हणाले, मग आम्ही बैठकीला येऊच कशाला? इमारतीमागे एक मत द्या. यावर टॉवरवाल्यांचा सवाल, की सगळ्यात जास्त मेंटेनन्स आम्ही भरायचा आणि वजन मात्र सोळा घरांइतकंच? दोघांचंही बरोबर होतं. तीन बैठका यातच गेल्या. शेवटी ठरलं, की मोठा खर्च मंजूर व्हायला सातपैकी चार इमारती हव्यात आणि त्या चारांमध्ये मिळून निम्म्याहून जास्त फ्लॅट हवेत.

युरोपात सरकारांचे मंत्री जिथे बसतात त्या मंडळात जवळपास हाच हिशेब आहे. बहुतेक विषयांत ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या, दोन्ही लागतं. संसदेत आणखी एक युक्ती आहे. एकूण ७२० खुर्च्यांपैकी जर्मनीला ९६, माल्टाला ६. जर्मनीत साधारण पावणेनऊ लाख माणसांमागे एक खासदार येतो, माल्टात नव्वद हजारांच्या आसपास माणसांमागे एक. मोठ्याला जास्त खुर्च्या, पण त्याच्या आकाराच्या मानाने कमी. लहान देश पुसला जात नाही आणि मोठ्यालाही आपली काही किंमतच नाही असं वाटत नाही.

आता हे दक्षिण आशियाला लावून बघा. सार्कच्या आठ देशांतली साधारण तीन चतुर्थांश माणसं एकट्या भारतात राहतात. मालदीवची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे महापालिकेच्या हद्दीत अठरा लाखांवर माणसं होती. लोकसंख्येप्रमाणे २०० खुर्च्या वाटल्या तर भारताला दीडशेच्या आसपास जातील आणि मालदीवला एकही येणार नाही. सगळ्यांना सारख्या दिल्या तर १४० कोटी माणसांचा आवाज आणि पाच लाखांचा आवाज एकाच मापाचा. पूर्व आफ्रिकेच्या विधानसभेत प्रत्येक देशाला सरसकट नऊ खुर्च्या आहेत, पण तिथे आपल्यासारखा एकच देश सगळ्यांना व्यापून बसलेला नाही.

म्हणून दक्षिण आशियात एकच सभागृह चालेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे लोकसभा आणि राज्यसभा आहे तशी जोडी लागेल, किंवा आमच्या वहीतल्यासारखी दुहेरी अट.

सदस्य निवडायचे कोणी?

इथे आपल्या अंगणातलं एक उदाहरण आहे. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका येतात. ऐरोलीत राहणारा माणूस पूल ओलांडून ठाण्यात नोकरीला येतो, खाडीच्या दोन्ही काठांवरचं सांडपाणी एकाच खाडीत जातं, पण ठाणेकराचं मत ठाण्यापुरतं आणि नवी मुंबईकराचं नवी मुंबईपुरतं. सगळ्या प्रदेशासाठी थेट निवडलेलं सभागृह नाही. १९७५ पासून एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, पण ते प्राधिकरण आहे, तिथे कोणी मत मागून येत नाही. घटनेच्या २४३ झेडई कलमात मात्र महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे असतात. याला अप्रत्यक्ष निवडणूक म्हणतात. बहुतेक प्रादेशिक संसदा अशाच पद्धतीने सुरू होतात, कारण ते स्वस्त आणि झटपट.

पण पळवाटही इथेच असते. टांझानियातल्या अरुशा शहरात २००१ पासून पूर्व आफ्रिकेची विधानसभा भरते. तिचे सदस्य प्रत्येक देशाच्या संसदेने निवडून द्यायचे. २००६ मध्ये केनियाने निवडणूक न घेता नावं पुढे केली. काही नागरिक प्रादेशिक न्यायालयात गेले आणि न्यायालयाने केनियाच्या सदस्यांचा शपथविधी रोखला. त्यावर सरकारांनी घाईघाईने करारातच दुरुस्ती करून न्यायालयाची रचना बदलली. निवडून द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे करारात स्वच्छ लिहिलं नाही तर सत्ताधारी आपली माणसं पाठवतात आणि सभागृहाची अब्रू पहिल्याच दिवशी जाते.

इतक्या भाषा, इतका खर्च?

युरोपीय संसदेचं काम २४ भाषांत चालतं. शिवाय स्ट्रासबर्ग आणि ब्रुसेल्स अशी दोन ठिकाणं, त्यामुळे महिन्यातून एकदा खासदार, कर्मचारी, कागदपत्रं यांची ने-आण होते. हा खर्च मलाही अनाठायी वाटतो, त्याचं समर्थन करणार नाही. भाषेची धास्ती मात्र आपल्याला नको. आपल्या आठव्या अनुसूचीतच २२ भाषा आहेत. बंगाली ढाक्यातही बोलतात आणि कोलकात्यातही, तमिळ जाफन्यातही आणि मदुराईतही, नेपाळी सिक्कीममध्येही. सीमेपलीकडच्या माणसाशी दुभाष्याशिवाय बोलू शकणारी कोट्यवधी माणसं या उपखंडात आहेत.

मग सार्कचं घोडं कुठे अडलं?

सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात झाली. तेव्हा सात देश होते, २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा. सचिवालय काठमांडूत. सनदेत सुरुवातीपासून दोन अटी आहेत: प्रत्येक निर्णय एकमताने, आणि दोन देशांमधले वादाचे विषय काढायचेच नाहीत. एकाने मान हलवली नाही की काम थांबलं. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत झाली. पुढची २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती, ती उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली आणि त्यानंतर परिषद भरलेलीच नाही. व्यापाराचीही तीच गत. दक्षिण आशियातल्या देशांचा आपसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास आहे, युरोपीय संघात तो साठ टक्क्यांच्या आसपास.

सरकारांचे प्रमुखच दहा-दहा वर्षं एका टेबलाशी बसत नाहीत, तिथे संसद कुठून येणार?

पाकिस्तानबरोबर एका सभागृहात बसायचं?

कट्ट्यावर हा प्रश्न सगळ्यात मोठ्या आवाजात येतो आणि त्याला हलकं लेखायचा कोणालाच अधिकार नाही. मुंबईने २००८ पाहिलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाममध्ये मारल्या गेलेल्यांत डोंबिवलीची माणसं होती, आपल्याच जिल्ह्यातली. फ्रान्स-जर्मनीचं उदाहरण इथे जसंच्या तसं चिकटवता येत नाही. १९५० मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी कोळसा-पोलादाची योजना मांडली तेव्हा युद्ध संपून पाच वर्षं झाली होती आणि दोन्हीकडच्या सरकारांना युद्ध संपलेलंच ठेवायचं होतं. ती अट आज इथे पुरी होत नाही. १९६० चा सिंधू जलकरारही भारताने २०२५ मध्ये स्थगित ठेवला आहे.

पण सगळे आठ देश एकदमच हवेत, असं कोणी सांगितलं? भूतान, बांगलादेश, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफूला वाहन वाहतुकीचा करार केला. त्यातही एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये त्याला मंजुरी नाकारली, कारण बाहेरच्या ट्रकांच्या रांगा आपल्या डोंगरातल्या छोट्या देशाला झेपणार नाहीत ही भीती. ती सोळा फ्लॅटवाल्यांची भीती होती. त्यांचं म्हणणं आधीच ऐकायला एखादं सामायिक सभागृह असतं, तर करार सहीपर्यंत जाण्याआधीच त्यात बदल झाले असते असं मला मनापासून वाटतं.

आपला पंप कोणता?

युरोपात आधी कोळसा-पोलाद आलं, सभा त्याच्या मागून आली. आपल्याकडेही तोच क्रम आहे. ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून उल्हास नदीवर पाणी उचलायची 'स्टेम' योजना आहे. नळाला पाणी हवं होतं म्हणून ही मंडळी एकत्र आली.

दक्षिण आशियात वीज हा तसा पंप होऊ शकतो. नेपाळची ४० मेगावॉट जलविद्युत भारतीय तारांमधून बांगलादेशला द्यायचा तिहेरी करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला आणि नोव्हेंबरमध्ये वीज पहिल्यांदा वाहिली. चाळीस मेगावॉट म्हणजे फार काही नाही, पण तीन देशांना एकाच मीटरचा हिशेब ठेवावा लागतो. उद्या दर वाढले, तारा तुटल्या, तर तक्रार कोणाकडे? तिथे तीन संसदांच्या खासदारांची एक छोटी समिती बसली, तर तिच्याकडे पहिल्या दिवसापासून काम असेल.

दुसरा पंप समुद्रात आहे. पालघर जिल्हा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथली पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते. माशांच्या मागे बोट पुढे जाते, पाकिस्तानी यंत्रणा पकडते आणि घरी महिनोन्‌महिने काही कळत नाही. इकडेही पाकिस्तानी मच्छीमार तुरुंगात असतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. मे २०२५ मधल्या लढाईनंतर दोन महिन्यांच्या आतच, १ जुलैला, याद्यांची देवाणघेवाण झाली. पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते.

त्याच करारात असंही लिहिलं आहे, की शिक्षा पुरी झाली आणि नागरिकत्वाची खातरजमा झाली की एका महिन्याच्या आत माणसाला सोडायचं. डहाणूच्या एखाद्या बाईने विचारलं, माझ्या नवऱ्याची शिक्षा संपली, तो महिना कधीच उलटून गेला, मग तो अजून कराचीत का? तिचा खासदार लोकसभेत हा प्रश्न विचारू शकतो, पण उत्तर द्यायला समोर आपलेच मंत्री असतात. कराचीच्या कोळीवाड्यातली बाई तिकडे हाच प्रश्न विचारते, तेव्हा तिच्यासमोर तिचे मंत्री. दोन्ही याद्या एकाच टेबलावर ठेवून दोघींना एकदम उत्तर देईल, असं सभागृह आज कुठेच नाही.